मागचं चाक जाम होतंय? आधी सांगा, धरतंय की सोडत नाहीये?

उन्हाळ्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यांची इंजिनं तापतात आणि जूनचा पहिला पाऊस पडला की सगळ्यांचे ब्रेक धरायला लागतात, दरवर्षीचं आहे हे. या वेळी फोर बाय फोरवाल्यांची मागच्या ड्रम ब्रेकबद्दल (चाकाबरोबर फिरतो तो ड्रम, त्याला आतून दाबतात ते दोन शू आणि शूवर चिकटवलेला घासणारा पट्टा म्हणजे लायनर) इतकी पत्रं आलीत की बाकी सगळं, म्हणजे एसी, बॅटरी, टायर वगैरे, पुढच्या अंकावर ढकललंय. फक्त एक विनंती, "ब्रेक जाम होतो" एवढंच लिहून पत्र संपवू नका हो. पेडलवर पाय ठेवल्या ठेवल्या चाक एकदम धरतं, का पाय काढल्यावरही ते सोडत नाही, हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हीचं औषध वेगळं आहे. हा प्रश्न मेकॅनिकने विचारला नाही आणि तुम्हीही सांगितला नाही की मग लायनर बदलत बसायचं, दुसरं काय.

प्रश्न : नमस्कार दादा, २०१३ ची थार सीआरडीई आहे, पुण्यात राहतो, महिन्यातून एखादवेळी मुळशी-ताम्हिणी साईडच्या कच्च्या रस्त्यांना जातो. उजवं मागचं चाक हलका ब्रेक मारला तरी एकदम लॉक होतं, सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला तर नक्कीच. वर्षात तीनदा लायनर बदलले. नवीन टाकले की महिनाभर मस्त आणि मग परत तेच. मेकॅनिक म्हणाला लोकल लायनर आहेत म्हणून होतंय, कंपनीचे टाकले, तरी तेच. आता काय करू?

चौथ्यांदा लायनर घ्यायला जाऊ नका, आधी ड्रम काढून आत काय ओलं आहे ते बघा. तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा, एकच चाक धरतंय आणि नवीन लायनर महिनाभर नीट चालतो, म्हणजे महिनाभरात त्याच्यावर काहीतरी येतंय. माझ्या अंदाजाने मागच्या हाऊसिंगमधलं, म्हणजे मागच्या चाकांचे शाफ्ट आणि डिफ्रन्शियल ज्यात असतं त्या कवचातलं, गिअर ऑईल ॲक्सलच्या सीलमधून पाझरून ड्रममध्ये उतरतंय.

आता तुम्ही म्हणाल ऑईल लागल्यावर ब्रेक घसरायला पाहिजे, लॉक कसा होईल? सगळ्यांना असंच वाटतं. ऑईलने लायनर पार भिजला तर घसरतोच, पण थोडंसं ऑईल लायनरमध्ये मुरलं आणि उष्णतेने भाजून चिकट झालं की तो लायनर एकसारखा न घासता मध्येच पकडतो. त्यात ड्रम ब्रेकची मुळातली सवय अशी की जो शू ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने ढकलला जातो तो ड्रमबरोबर ओढला जाऊन आपण होऊन आणखी घट्ट बसतो. दाराखाली लाकडाची पाचर सरकवून दार लोटलं की ती कशी आणखीच रुतत जाते, तसंच. या सवयीमुळेच ड्रम ब्रेकला पायाचा जोर कमी लागतो आणि याच सवयीमुळे लायनरचा पकडण्याचा गुण जरासा बिघडला तरी ब्रेक प्रमाणात न लागता झटक्यात लागतो. डिस्कला ही पाचर नसते, म्हणून पुढे असलं काही होत नाही.

ड्रम काढलात की बोटाला लावून बघा. जाडसर, काळपट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑईल, म्हणजे ॲक्सलचं सील गेलं. पातळ असेल, पाण्याने सहज धुऊन निघत असेल आणि त्या जागी बॅक प्लेटचा (ड्रमच्या मागची पत्र्याची प्लेट, शू तिच्यावर बसतात) रंग सुटलेला असेल तर ते ब्रेक ऑईल, म्हणजे व्हील सिलेंडर (शूंना बाहेर ढकलणारा छोटा सिलेंडर) लीक आहे. सिलेंडरच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट नखाने जरा उचलून बघा, आत ओलं असेल तर सिलेंडर किंवा किट बदला.

पण सील बदललं की झालं असं समजू नका, सील का गेलं ते शोधायला लागेल आणि कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीत मी सगळ्यात आधी ब्रीदर बघतो. मागच्या हाऊसिंगवर एक छोटी टोपी किंवा नळी असते, हाऊसिंग तापलं की आतली हवा फुगते ती तिथून बाहेर पडते. ताम्हिणीच्या चिखलात ही टोपी एकदा लिंपली गेली की हवेला जायला वाट नाही, मग आतलं प्रेशर ऑईलला सीलच्या ओठांतून बाहेर ढकलतं. आणि उलटंही होतं, तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत ओढते. डिफ्रन्शियलचं ऑईल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर समजायचं पाणी प्यायलंय, ते बदलायलाच पाहिजे. ब्रीदर साफ करा, जमलं तर त्याला रबरी नळी जोडून बॉडीच्या आत उंचावर नेऊन ठेवा, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे पण अख्खं हाऊसिंग वाचवतं.

दुसरं म्हणजे ऑईलची लेव्हल. सपाट जागेवर गाडी उभी करून फिलरचा बोल्ट काढला की ऑईल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत पाहिजे, तेवढंच. "ऑफरोडला जाताय ना, जरा जास्त टाकतो" म्हणणारे उस्ताद मी बघितलेत, गाडी तिरकी लावून वर अर्धा लिटर जास्त टाकतात आणि मग ते ऑईल निघायला जागा शोधत बसतं. तिसरं, शाफ्टवर जिथे सील बसतं तिथे नख फिरवून बघा, खाच लागली तर नवीन सीलही लवकरच गळणार. आणि बेअरिंगला प्ले असेल तर शाफ्ट डुगडुगतो, मग सील कितीही चांगलं घ्या, टिकत नाही.

हे सगळं झाल्यावरच नवीन लायनर आणि तेही दोन्ही बाजूंचे, एका बाजूला नवीन आणि दुसरीकडे जुने असले की गाडी ओढणारच. जुने तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन, स्टोव्हवर भाजून, पॉलिश पेपरने घासून परत लावायचा उद्योग करू नका. वरून कोरडे दिसतात, पण पहिल्या घाटात तापले की आत मुरलेलं ऑईल पुन्हा वर येतं. (मी स्वतः हा उद्योग तरुणपणी दोनदा केलाय, दुसऱ्यांदा का केला ते विचारू नका.)

सकाळच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकबद्दल एवढंच की रात्रीच्या दमटपणाने ड्रमच्या आत गंजाचा पातळ थर बसतो आणि तो निघेपर्यंत सगळ्यांचेच ब्रेक जरा कुरकुरतात. पण ते दोन्ही चाकांना सारखं होतं, तुमच्यासारखं एकाच चाकाला नाही.

प्रश्न : सर, मी आर्मी डिस्पोजलमधली जिप्सी घेतली आहे, राहायला कोल्हापूरला, पण पावसाळ्यात आंबोलीला शेतावर गाडी दोन-तीन दिवस उभी राहते. निघताना मागची दोन्ही चाकं हलतच नाहीत. गेल्या वेळी फर्स्ट टाकून जोरात रेस दिली तेव्हा धाडकन आवाज होऊन सुटली. हे नॉर्मल आहे का?

आंबोलीच्या पावसात नॉर्मल, पण रेस देऊन सोडवणं नॉर्मल नाही! तो धाडकन आवाज गंज तुटल्याचा असेल तर नशीब समजा, पुष्कळदा लायनर शूवरून उखडून निघतो आणि तो तुकडा ड्रममध्ये मोकळा फिरत एखाद्या उतारावर पाचर होऊन बसतो. ड्रम काढून एकदा बघून घ्याच.

तुम्ही ओली गाडी हँडब्रेक ओढून सोडून जाता. लायनर ओल्या लोखंडावर दाबून धरलेला, दोन-तीन रात्री, मग गंज दोघांना चिकटवून टाकतो. यापुढे तिथे पोचायच्या आधी शेवटचं अर्धा-एक किलोमीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा म्हणजे ड्रम जरा कोरडे होतील, सपाट जागा बघून फर्स्ट किंवा रिव्हर्स गिअरमध्ये उभी करा, पुढे-मागे दगड लावा आणि हँडब्रेक खाली सोडा. जिप्सीवाल्यांनी ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा दुसरा गिअरबॉक्स) दांडी न्यूट्रलला नाही ना तेवढं बघायचं, कारण तिथे न्यूट्रल असेल तर मेन गिअर टाकूनही गाडी मोकळीच असते, हे विसरून उतारावरून गाडी गेलेली मी ऐकलेली आहेत.

आणि चिकटलीच तर रिव्हर्समध्ये हलकं, फर्स्टमध्ये हलकं, असं झुलवून बघा. नाही सुटलं तर चाक काढून ड्रमच्या कडेने लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोका, हातोडी थेट ड्रमवर मारू नका, बीड (ओतीव लोखंड) आहे ते, तडकतं. ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं दिसतील, त्यात मापाचे बोल्ट दोन्हीकडून सारखे सारखे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो. तरीही अडकला तर शू ड्रमच्या आतल्या झिजेच्या कडेला अडकलेत, मग बॅक प्लेटच्या भोकातून ॲडजस्टर (शू आत-बाहेर करणारा भाग) ढिला करायला लागतो.

एक मात्र तपासा. डिस्पोजलच्या गाड्यांची हँडब्रेकची केबल वरून छान काळी दिसते आणि आत गंजून काडी झालेली असते. गाडीखाली जाऊन कोणाला तरी हँडब्रेक ओढून सोडायला सांगा आणि ड्रमकडे जाणारी केबल पूर्ण मागे जाते का ते बघा, जराही रेंगाळली तर बदला, ग्रीस कोंबून दिवस ढकलू नका. आणि हँडब्रेक चार-पाच खटक्यांत लागावा म्हणून केबल ओढून ताणणारे मेकॅनिक भरपूर आहेत, पद्धत उलटी आहे, आधी ड्रममधला ॲडजस्टर नीट करायचा आणि केबल सगळ्यात शेवटी.

प्रश्न : जुन्नरहून लिहितोय. बोलेरो फोर बाय फोर. गाडी थंड असताना काहीच प्रॉब्लेम नाही, दहा-बारा किलोमीटर गेलं की मागची दोन्ही चाकं हळूहळू धरायला लागतात, पिकअप मरतो, वास येतो, पेडल दगडासारखं होतं. अर्धा तास थांबलं की सगळं मोकळं. दोन गॅरेज झाले. एकाने शू घासले, दुसऱ्याने ड्रम लेथला मारले. फरक शून्य.

हा दुसरा आजार, न सोडण्याचा. शू घासून आणि ड्रम मारून तुमचा खर्च वाढला एवढंच, कारण बिघाड ड्रमच्या बाहेर आहे. थंड असताना ठीक आणि तापल्यावर जाम, म्हणजे ब्रेक ऑईल कुठेतरी अडकतंय आणि परत जाऊ शकत नाहीये.

याची एक परीक्षा आहे, पाचशे रुपयांच्या पान्यांत होते. गाडी जाम होईपर्यंत चालवा आणि सपाट जागेवर लावा, इंजिन बंद, पुढच्या चाकांना दगड, मग मागची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, कितीही घाई असली तरी). ट्रान्स्फर केस न्यूट्रल करा, हँडब्रेक खाली, मग चाक हाताने फिरवून बघा. फिरत नाही ना? आता त्या चाकाचा निपल (बॅक प्लेटच्या मागे असतो तो, ब्रेक ऑईलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सोडा. चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर ऑईलचं प्रेशर अडकलेलं होतं. चिळकांडी उडाली नाही आणि चाक तसंच घट्ट, तर प्रेशरचा संबंध नाही, स्प्रिंग, केबल किंवा शू अडकलेत, ड्रम उघडा.

निपल सोडल्यावर मोकळं झालं असं धरू, मला तीच खात्री आहे. तर पुन्हा गाडी चालवून जाम करा आणि या वेळी निपलला हात न लावता चॅसीवरून मागच्या ॲक्सलवर उतरणाऱ्या रबरी होज पाईपच्या पुढचा, म्हणजे इंजिनच्या बाजूचा, लोखंडी पाईपचा जोड सैल करा. जोड सोडूनही चाक घट्टच राहिलं तर होजच चोर आहे. मागच्या दोन्ही चाकांना चॅसीवरून एकच होज जातो, जुना झाला की आतून सुजतो किंवा आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो, पायाच्या जोराने ऑईल पुढे जातं पण शूच्या स्प्रिंगांना ते परत ढकलायला जमत नाही. बाहेरून होज एकदम नवा दिसतो हो, म्हणून कोणी संशय घेत नाही. आणि जोड सोडल्यावर चाकं मोकळी झाली तर अजून पुढे जा, मास्टर सिलेंडरपर्यंत, म्हणजे पेडल ज्याला दाबतं त्या मुख्य सिलेंडरपर्यंत.

पेडल दगडासारखं होतं असं तुम्ही लिहिलंय म्हणून मास्टर सिलेंडरकडे माझं लक्ष जास्त आहे. पेडल पूर्ण वर आलं की आत एक बारीक भोक उघडं राहतं, ऑईल तापून फुगलं की जास्तीचं तिथून टाकीत परत जातं. पेडलला फ्री-प्लेच नसेल, किंवा बूस्टरची (पायाचा जोर वाढवणारा डबा) दांडी लांब सेट झालेली असेल, किंवा ब्रेक लाईटचा स्विच पेडलला वर येऊ देत नसेल, तर रबर त्या भोकावर चढून बसतं. मग प्रत्येक ब्रेकला थोडं तापतं, तापलेलं ऑईल फुगतं, जायला वाट नाही म्हणून शू आणखी दाबतं, त्याने आणखी तापतं. अर्ध्या तासाने थंड झालं की सुटतं, तुमचीच गोष्ट. आधी हाताने पेडल दाबून बघा, जोर लागायच्या आधी थोडीशी मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. काही गाड्यांत मागच्या सर्किटचंच भोक बुजतं, म्हणून पुढच्या डिस्क मोकळ्या राहतात.

एक अप्रिय शक्यता राहिली. कोणी टाकीत ब्रेक ऑईल सोडून दुसरं काही टाकलंय का, स्टिअरिंगचं, इंजिनचं? हायवेच्या कडेला रात्री "ऑईल ऑईल सगळं सारखंच" म्हणून ओतलेलं मी बघितलंय. टाकीच्या झाकणाखालचं रबर काढून बघा, सुजून वेडंवाकडं होऊन परत जागेवर बसत नसेल तर शंका खरी. टाकीतला एक थेंब पाण्याच्या ग्लासात टाका, ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर हळहळून उपयोग नाही, मास्टर सिलेंडरचं किट, चारही चाकांची किटं, होज, सगळं रबर बदलायचं आणि लोखंडी पाईप स्पिरिटने धुवायचे. नुसतं ऑईल बदलून भागत नाही, सुजलेलं रबर परत बारीक होत नाही.

ऑईलचं निघालंच आहे तर, डॉट ३ किंवा डॉट ४, जे टाकीच्या झाकणावर लिहिलंय ते, आणि दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं, कोरडं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही ही अट असते, पण पाणी प्यायलेल्याची अट १४० वर येते. सिलेंडर आतून गंजतो तो त्याच पाण्याने, आणि गंजलेल्या सिलेंडरमध्ये पिस्टन अडकला की परत माझ्याकडे पत्र येतं.

प्रश्न : दादा, थारला लिफ्ट किट टाकलं, पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोराचा रहाट), मागचं सीट आणि टप काढून टाकला. आता घाट उतरताना जरा ब्रेक मारला की मागचं बूड सरकतं. टायर नवीन आहेत. चूक कुठे झाली?

चूक वजनाच्या वाटणीत झाली, ब्रेक बिचारा आहे तसाच आहे. पुढे विंच-बंपरचं लोखंड वाढवलं, मागचं सीट-टप उतरवलं, त्यात उतार, त्यात ब्रेक मारला की गाडीचं वजन अजून पुढे झुकतं आणि मागच्या टायरांवर राहतं काय? चाक हलकं असलं की थोड्या ब्रेकलाही लॉक होतं आणि मागचं लॉक झालेलं चाक बाजूला सरकायला लागतं. तुमच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४३० मिलीमीटर, जिप्सीचा २३७५, आखूड गाडी म्हणजे बूड एकदा निघालं की गोल फिरायला वेळ लागत नाही. ओल्या पानांवर, करवंदीच्या वळणांवर तर विचारूच नका.

बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलवरून चॅसीकडे एक बारकी दांडी किंवा स्प्रिंग जाते आणि तिच्या टोकाला ब्रेकचा वॉल्व्ह असतो. मागे ओझं असलं, बॉडी खाली बसली की तो मागे जास्त प्रेशर सोडतो, मोकळी असली की कमी. आता लिफ्ट किटने बॉडी उंच गेली तर वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागे प्रेशर आणखी कमी जातं, म्हणजे नुसत्या लिफ्टने मागचं चाक लॉक व्हायला नको, उलट मागचा ब्रेक मंद व्हायला पाहिजे. मग तुमचं उलटं का होतंय? गाडीखाली जा आणि ती दांडी कशी आहे बघा. लिफ्ट टाकणाऱ्याने ती पुरत नाही म्हणून तारेने वर बांधून ठेवली असेल, वाकवली असेल, किंवा वॉल्व्ह काढून पाईप सरळ जोडला असेल तर मागे कायम पूर्ण प्रेशर चाललंय, रिकाम्या गाडीला भरल्या गाडीचा ब्रेक. हे मी अंदाजाने सांगत नाही, तारेने बांधलेल्या दांड्या मी स्वतः कापल्यात. दांडीचा ब्रॅकेट लिफ्टच्या उंचीएवढा खाली घेऊन जुना कोन परत आणायचा, एवढंच काम आहे. तुमच्या गाडीत वॉल्व्ह मोडलेला नसेल तर मग सीट तरी परत बसवा.

उतरताना फोर लो (चारही चाकांना जोर आणि सगळ्यात हळू गिअर), फर्स्ट गिअर आणि ब्रेकवरून पाय बाजूला. फोर व्हील लावलेलं असताना पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे मागची चाकं एकटी लॉक होऊ शकत नाहीत. कोरड्या डांबरावर मात्र फोर व्हील लावू नका. टू व्हीलमध्ये इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणून खालच्या गिअरमध्ये क्लच झटकन सोडला तरी बूड सरकतं, ते ब्रेकच्या नावावर खपवू नका.

मागे डिस्क टाकू का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. माझं मत, नको. मास्टर सिलेंडर, वॉल्व्ह, हँडब्रेक सगळं ड्रमच्या हिशोबाने आहे, नुसती डिस्क लावली तर मागचा ब्रेक किती लागेल याचा कोणालाच अंदाज नसतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा मुद्दा आहेच, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही. तो लिफ्ट आणि बंपरलाही लागू होतो, पण ते तुम्ही विचारलं नाहीत.

प्रश्न : आजोबांची जुनी सीजे थ्री बी जीप परत उभी केली. चारही चाकांचे शू बदलले, ॲडजस्ट केले. आता मागचं डावं चाक पुढे जाताना ठीक पण रिव्हर्सला खटकन धरतं, आणि चिखलातून आलं की चारही चाकं जड वाटतात. नाशिक.

व्वा, २०३२ मिलीमीटरचा व्हीलबेस, एवढी आखूड गाडी सहजी सापडायची नाही. रिव्हर्सला धरतं म्हणजे मागचा शू संशयित. पुढे जाताना पुढचा शू पाचर होतो, रिव्हर्समध्ये मागचा, म्हणजे त्या चाकात मागचा शू जास्त बाहेर आलाय किंवा त्याचा लायनर वरच्या टोकाला चौकोनी कडेने लागतोय. तुमच्या गाडीत शूला वर एक एक्सेंट्रिक बोल्ट आणि खाली दुसरा, दोन्हींचा आस मधोमध नसून बाजूला असतो, त्यामुळे फिरवला की शू आत-बाहेर होतो. नुसता वरचा फिरवून भागवलेलं असतं बहुतेक. ड्रम लावून चाक फिरवत एकेक शू घासेपर्यंत बाहेर घ्या, मग मोकळा होईपर्यंत मागे, आधी खालचा नीट, मग वरचा. लायनरच्या दोन्ही टोकांच्या कडा कानशीने जरा तिरक्या करा. दोन्ही शूंचे लायनर लांबीला सारखे नसतील तर दुसऱ्या बाजूला काय लावलंय ते उघडून ताडून बघा, एका चाकात दोन लांब आणि दुसऱ्यात दोन आखूड हा गोंधळ माझ्या डोळ्यांदेखत झालाय. ड्रम जुने असतील आणि कितीदा तरी लेथला मारलेले असतील तर नवा शू त्या मोठ्या गोलाला पूर्ण टेकत नाही, त्यानेही पकडतो.

चारही चाकं जड होण्याचं कारण ब्रेकमध्ये नाही, तुमच्या पायाखाली आहे. या जीपचं मास्टर सिलेंडर फळीखाली चॅसीवर असतं, पेडलचा आस तिथेच, चिखल साचला की पेडल पूर्ण वर येत नाही आणि वर बोलेरोवाल्यांना सांगितलं तेच भोक बंद राहतं. धुवा, ग्रीस द्या, परत येणारी स्प्रिंग नवीन टाका. आणि हो, हँडब्रेक मागच्या चाकांत शोधू नका, तो ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवरच्या छोट्या ड्रमला लागतो. तो अर्धवट लागून राहिला तर मागची दोन्ही चाकं एकदम जड होतात आणि लोक चाकांचे ड्रम उघडून बसतात.

प्रश्न : माझी २०२१ ची थार, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. म्हणजे मागचा ड्रम लॉक व्हायचा प्रश्नच नाही ना?

पायाने मारलेल्या ब्रेकपुरता बराचसा नाही, एबीएस त्या चाकाचं प्रेशर सोडून देतं. पण शू गंजून चिकटला, स्प्रिंग तुटली किंवा केबल अडकली तर सोडायला प्रेशर आहेच कुठे? तिथे एबीएस काही करू शकत नाही. चिखलातून आल्यावर दिवा लागला तर चाकाजवळच्या सेन्सरवरचा चिखल आधी धुवा, मग सर्व्हिस सेंटरला फोन करा.

प्रश्न : ओढ्यातून गाडी काढल्यावर नक्की काय करायचं? आणि जंगलात एखादं चाक जाम झालं तर घरी कसं यायचं?

ओढ्यातून निघाल्यावर रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत डाव्या पायाने ब्रेक हलका धरा (ऑटोमॅटिक नसेल तर उजव्या पायानेच, गोंधळ नको), पाय लागतो तसा ब्रेक लागायला लागला की पुरे. गढूळ पाणी असेल तर घरी आल्यावर ड्रम उघडायचाच, आपली लाल माती आत वाळली की विटेसारखी होते आणि ॲडजस्टर, केबलचा हात, सिलेंडरचे बूट सगळं एकत्र लिंपून टाकते. समुद्राकाठून आला असाल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

जाम चाक कुठलं ते हात न लावता ओळखायचं, जवळ तळहात धरा, झळ कळते. पाण्याचा एक थेंब टाका, चर्र झालं तर तेच. एकच थेंब, बाटली ओतू नका, तापलेल्या ड्रमला तडा जातो. थंड होऊ द्या, मग निपल सोडून बघा, मोकळं झालं तर निपल परत आवळा आणि ब्रेक कमीत कमी वापरत, गिअरवर, हळूहळू जवळच्या गावापर्यंत या. निपलने सुटलं नाही तर बॅक प्लेटमधून ॲडजस्टर मागे घ्या, केबल चाकाकडून सोडवा. काही लोक होज पक्कडने दाबून मागचे ब्रेक बंद करून घाट उतरतात, तो होज नंतर फेकूनच द्यायला लागतो आणि घाटात नुसत्या पुढच्या ब्रेकवर मी तरी उतरणार नाही, त्यापेक्षा मागून येणाऱ्याला दोर मागा किंवा गाडी तिथेच ठेवा.

आणि ड्रम उघडलात की कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ब्रेक क्लिनर किंवा साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा, फडकं फेकून द्या. गॅरेजमधला पोरगा सवयीने हवेची नळी उचलतोच, त्याला थांबवा, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.